‘ते आमच्या हद्दीत येत नाही’

खुडूसचं रिंगण आटोपून ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते आणि दुसऱ्या दिवशी भंडीशेगावकडे निघते. त्या मुक्कामात गावात उभ्या महाराष्ट्रातली माणसं असतात, आणि गर्दीत हात मारणारेही असतात. समजा, परभणीकडच्या एका वारकरी बाईचं मंगळसूत्र वेळापुरात कापलं गेलं आणि ते लक्षात आलं भंडीशेगावात. वेळापूर माळशिरस तालुक्यात, भंडीशेगाव पंढरपूर तालुक्यात. फिर्याद कुठे द्यायची? दिंडीतले दहाजण एकच सांगतील, ‘मागं वेळापूरला जावं लागेल, हद्द त्यांची.’ दिंडी तर पुढे निघालेली. एकटी बाई मागे कशी जाणार? मग ‘विठ्ठलाला वाहिलं समजा’ म्हणून विषय संपतो आणि चोराचं फावतं.

प्रत्यक्षात दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो अशा गुन्ह्याच्या फिर्यादीला हद्द आडवी येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ते ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवतं आणि कागद ज्याच्या हद्दीत घटना घडली त्या ठाण्याकडे पाठवतं. ‘झिरो एफआयआर’ म्हणतात तो हाच. या बाईंना पंढरपुरात फिर्याद देता येईल, वारी संपवून आपल्या गावच्या ठाण्यातही देता येईल. फक्त उशीर का झाला ते फिर्यादीत स्पष्ट लिहून घ्यावं. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, हे बरेचजण विसरतात. आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. झेरॉक्सचे पैसेसुद्धा द्यायचे नसतात.

झिरो एफआयआर नव्या कायद्याने आणला, हाही एक समज आहे. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर केंद्राने राज्यांना तशा सूचना दिल्या होत्याच. 1 जुलै 2024 पासून ती गोष्ट कायद्याच्या मजकुरात आली, एवढंच. सूचनेकडे कानाडोळा करता येतो, कलमाकडे करणं जरा जड जातं.

‘एनसी घेतली, म्हणजे गुन्हा दाखल झाला’

सगळ्यात जास्त घोळ इथे आहे. अंमलदाराने वहीत काहीतरी लिहिलं, एक कागद हातात दिला, की माणूस समाधानाने घरी येतो आणि तपासाची वाट बघत बसतो. तो कागद एनसीचा असेल तर तपास सुरू झालेलाच नसतो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकत नाहीत. म्हणून ‘एनसी दिली तरी पोलिसांनी काही केलं नाही’ ही तक्रार पुष्कळदा पोलिसांवर अन्याय करणारी असते. न केल्याचा दोष त्यांचा नसतो.

पण दोष असतो तो दुसऱ्या जागी. उसाच्या फडाशेजारी बांधावरून भांडण झालं आणि एकाने दुसऱ्याच्या कानफटात मारली, तर ती साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), अदखलपात्र. त्याच भांडणात कोयता चालला तर कलम 118(1), दखलपात्र आणि अजामीनपात्र. एका घटनेत शिवीगाळ, कानफट आणि कोयता तिन्ही असतील तर कायदा सांगतो की एक गुन्हा दखलपात्र असला की सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. कोयत्याचा उल्लेख गाळून एनसीवर भागवलं जातं तेव्हा खरी फसगत होते. म्हणून सही करण्याआधी लिहिलेलं वाचून घ्यावं. वाचता येत नसेल तर वाचून दाखवणं हे लिहिणाऱ्याचं कर्तव्यच आहे.

चोरीच्या बाबतीत 2024 नंतर एक बदल झाला, तो फारसा कुणाला ठाऊक नाही. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र आहे. असा चोर पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. दुसरीकडे, हिसका मारून ऐवज पळवणं हा आता ‘झपटमारी’ नावाचा स्वतंत्र गुन्हा, कलम 304, तीन वर्षांपर्यंत कैद. सोन्याच्या मंगळसूत्राला पाच हजारांची अडचण नाही. खिशातलं पाकीट आणि साधा फोन मात्र त्या रेषेखाली येऊ शकतो. माझ्या मते ही रेषा ओढणाऱ्यांनी मजुराचा खिसा पाहिलेला नाही. चार हजारांवाचून ज्याचा महिना अडतो त्याची चोरी किरकोळ कशी? आणि चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून नोंदवून घेणं, ही आणखी एक युक्ती. गहाळ दाखल्यावर नवं सिमकार्ड मिळेल, पण चोरीचा गुन्हा त्यातून उभा राहत नाही. चोरी झाली असेल तर चोरी हाच शब्द लिहून घ्यायचा.

‘नाव आलंय, मग अटक का नाही?’

या प्रश्नावर रास्ता रोको होतात. एफआयआर ही तपासाची सुरुवात, निकाल नव्हे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का गरजेची आहे, याची कारणं पोलिसांना लिहावी लागतात. 2014 च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलं होतं. गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस द्यायची. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी साठीच्या पुढचा किंवा अशक्त असेल, तर अटकेला निदान उपअधीक्षकाची परवानगी लागते. बांधाच्या भांडणात समोरच्या घरातल्या आजोबांचंही नाव घालायचं, ही आपल्याकडची जुनी खोड, तिला या तरतुदीने थोडा लगाम बसतो.

‘पोलिसांपुढे कबूल केलंय त्याने’

बातमीत हे वाक्य हमखास असतं. न्यायालयात त्याला किंमत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, जुन्या पुरावा कायद्यात चालत नव्हता, नव्या साक्ष अधिनियमातही नाही. आरोपीच्या सांगण्यावरून मुद्देमाल सापडला, तर त्या सापडण्याशी थेट जोडलेला भाग तेवढा ग्राह्य.

पीसीआरबद्दलचा, म्हणजे पोलीस कोठडीबद्दलचा समज मात्र आता खरोखर बदलायला हवा. पूर्वी पोलीस कोठडीचे पंधरा दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपत. आताही एकूण पंधराच, पण ते तुकड्यातुकड्याने, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत मागता येतात. ‘एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली, आता पोलिसांच्या हातातून सुटला’ असं ठामपणे सांगणारे गावातले जाणते लोक इथे चुकतात. तपासाला याने मदत होईल, पण जामिनाच्या दाराशी टांगती तलवारही राहील.

‘गावातच मिटवू’

15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने बांध, वाटणी, किरकोळ मारामाऱ्या मिटवायची सवय लावली, ते चांगलंच झालं. पण गावच्या तंटामुक्ती समितीला मिटवता येतं ते तडजोडीला कायद्याची मुभा असलेलं प्रकरण. बलात्कार त्यात बसत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवरचा लैंगिक अत्याचार तर कळूनही पोलिसांना न कळवणं हाच पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. सरपंच, मुख्याध्यापक, नातेवाईक, कुणालाही सूट नाही. ‘मुलीचं नाव खराब होईल’ म्हणून बैठक बसवणारे लोक स्वतः आरोपीच्या पिंजऱ्याजवळ जाऊन उभे राहतात.

आणि ठाण्याने फिर्याद घेतलीच नाही तर? ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 2013 मध्ये सांगितलं की खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद बंधनकारक आहे. नव्या कायद्याने त्यात एक फट ठेवली: तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर महिनाभर मिळत राहिलं तर ते या फटीतही बसत नाही. मग तक्रारीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. वेळापूरकरांचे अधीक्षक सोलापूर ग्रामीणचे. सोलापूर शहराचे पोलीस आयुक्त वेगळे, त्यांच्या दारात गेलेला अर्ज भलत्याच टेबलावर पडतो. तिथूनही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. टपालाची पावती जपून ठेवावी, कारण अधीक्षकांना कळवलं होतं हे तिथे दाखवावं लागतं.