नैतिक फंडाचा हिशेब : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिडी आणि तेंदूपत्त्यावर भंडारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. तरीही तंबाखूच्या धंद्यात आपला पैसा नको, असे इथल्याच कुणाला मनापासून वाटू शकते. त्यांच्यासाठी नैतिक म्युच्युअल फंड आहेत. मात्र त्यांचा हिशेब ठेवताना काही समजुती आड येतात.

‘टाटा एथिकल फक्त मुसलमानांसाठी.’ नाही. टाटाचा हा फंड शरियाच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, निकषांवर कंपन्या निवडतो. पैसे कुणालाही गुंतवता येतात.

‘निफ्टी ५०च्या मागे पडला, म्हणजे फंड वाईट.’ निफ्टी ५०मध्ये साधारण एक तृतीयांश वाटा बँका आणि वित्तसंस्थांचा असतो. टाटा एथिकल व्याजावर चालणाऱ्या बँकांना हात लावत नाही. बँकांचे शेअर उसळले की तो मागे राहिला, यात नवल नाही. त्याची खरी तुलना लाभांश धरून मोजल्या जाणाऱ्या निफ्टी ५०० शरिया निर्देशांकाशी करावी, तीही पाच-सात वर्षांची.

‘सुरुवातीपासूनचा परतावा म्हणजे नैतिक गुंतवणुकीचा परतावा.’ ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. टाटा एथिकलची सुरुवात १९९६ची, पण त्याला हे नाव आणि हे धोरण मिळाले २०११मध्ये. एसबीआयचा मॅग्नम इक्विटी १९९१चा. तो ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार यांचे निकष पाळणारा, झाला २०१८मध्ये. जाहिरातीतल्या त्या मोठ्या आकड्यात आधीची कितीतरी वर्षे मिसळलेली असतात. धोरण बदलल्यानंतरचाच काळ तपासा.

‘साठ हजार भरले, ६३,२०० झाले, म्हणजे वर्षाला सव्वापाच टक्के.’ दरमहा पाच हजारांच्या एसआयपीत पहिला हप्ता बारा महिने कामाला लागतो, शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरी साडेसहा महिनेच होतात. म्हणून वार्षिक दर दहा टक्क्यांच्या आसपास निघतो. धानाचे चुकारे आले की एकरकमी भरणारा, मध्येच खतासाठी काढणारा शेतकरी तर साध्या भागाकाराने हमखास चुकेल. एक्सेलच्या एक्सआयआरआर सूत्रात भरल्या-काढल्याच्या तारखा, रकमा आणि आजचे मूल्य टाका, उत्तर मिळते. तारखा एकत्रित खातेविवरणात मिळतात. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या कंपन्या ते ईमेलवर मोफत पाठवतात.

‘अॅपवर दिसला तोच माझा परतावा.’ अनेकदा तिथे डायरेक्ट योजनेचा आकडा असतो. वितरकामार्फत घेतलेली योजना रेग्युलर. तिचा खर्च जास्त, म्हणून परतावा कमी. आधी विवरणावर योजनेचे पूर्ण नाव वाचा.

‘नाव नैतिक, म्हणजे बँका नसणारच.’ ईएसजी फंडांत बँका असतात. व्याज टाळायचे असेल तर शरिया निकषांचाच फंड लागेल. महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत प्रत्येक फंडाला आपल्याकडच्या शेअरांची यादी जाहीर करावी लागते. परताव्याइतक्याच नेमाने ती यादीही पाहा.