बावडेकर, नोविच्की आणि दंत्य ‘च’

‘आज्ञापत्र’कार रामचंद्रपंत अमात्यांचे घराणे बावडेकर म्हणून ओळखले जाते, ते त्यांच्या गगनबावड्याच्या जहागिरीमुळे. गावाच्या नावाला ‘कर’ लागला की आडनाव तयार होते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांच्यातही ही रीत होतीच. फक्त ‘कर’च्या जागी ‘स्की’. विश्न्येवो गावचा तो विश्न्येफ्स्की. काही आडनावे धंद्यावरून पडली. ‘कोवाल’ म्हणजे लोहार, त्यावरून कोवाल्स्की. नोवाक म्हणजे गावात नवा आलेला. त्यातला ‘नोव’ आणि आपला ‘नवा’ एकाच मुळाचे.

ही माणसे १९४० पासून सोव्हिएत हद्दीत हद्दपार झालेली, १९४२ मध्ये इराणमार्गे सुटलेली. वाटेत नावे रशियन लिपीत गेली आणि पुढे इंग्रजी कागदांवर उतरली. पोलिशमध्ये आडवा छेद दिलेल्या ‘एल’चा उच्चार ‘व’सारखा आणि ‘सीएच’चा ‘ख’च्या जवळचा होतो. कागदावर छेद गळाला, की मिखावोफ्स्कीचा मिचालोव्स्की होतो.

‘सी’ या अक्षराची गंमत वेगळी. इंग्रजी वळणाने वाचणारा ‘नोविकी’ म्हणेल. पोलिश ‘सी’ म्हणजे मात्र ‘चाक’मधला आपला दंत्य ‘च’. म्हणून खरा उच्चार नोविच्की. इंग्रजाला शब्दारंभी अवघड जाणारा हा वर्ण मराठी जिभेला जन्मतःच येतो.

शोध घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोलिशमध्ये नवरा कोवाल्स्की, तर बायको आणि मुलगी कोवाल्स्का. नोवाकची बायको जुन्या रीतीने नोवाकोवा, मुलगी नोवाकुव्ना. पाटलाची पाटलीण, जोश्याची जोशीण म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. पण परदेशी कारकुनाला ही दोन वेगळी घराणी वाटू शकतात.

वळिवड्यात बहुतेक बायका आणि मुलेच होती. आज इंग्लंड-ऑस्ट्रेलियातला एखादा नातू आजीचा माग काढताना यादीत फक्त ‘स्की’ शोधत राहिला, तर त्याची आजी त्याच पानावर, दोन ओळी खाली, ‘स्का’ होऊन थांबलेली असेल. तिला हाक मारायची, तर आधी नाव नीट उच्चारता आले पाहिजे.