पहिली आवृत्ती, पण कशाची पहिली?

उजनी धरणाचं पाणी चढत गेलं तसं जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि गाव पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला येऊन वसलं. घरं हलवताना भांडीकुंडी आणि देव्हाऱ्याबरोबर पत्र्याच्या ट्रंकाही आल्या. अशी एखादी ट्रंक माळ्यावरून खाली उतरवली, की आत साधारण ठरलेला ऐवज निघतो. लाल फडक्याच्या बासनात बांधलेला ‘पांडवप्रताप’, पाठ निखळलेलं ‘गीतारहस्य’, शाळेत बक्षीस मिळालेली ‘श्यामची आई’, आणि कॉलेजात गेलेल्या कुणा काकाने पुण्याहून आणलेली एखादी कादंबरी. मग घरातला कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं सांगतो, की पहिली आवृत्ती लाखाला जाते. बघता बघता ट्रंकेतलं प्रत्येक जुनं पुस्तक ‘पहिली आवृत्ती’ होऊन बसतं.

प्रत्यक्षात पहिली आवृत्ती ओळखणं हे पुरावे जुळवण्याचं काम आहे. त्यात वारंवार होणाऱ्या चुका आणि त्यामागची वस्तुस्थिती अशी.

गैरसमज १: कागद पिवळा पडलाय, म्हणजे पुस्तक फार जुनं आणि पहिल्या आवृत्तीचं.

वस्तुस्थिती: कागद पिवळा पडतो तो वयापेक्षा जास्त त्याच्या घडणीमुळे. लगदा कशाचा आहे आणि कागदात आम्ल किती आहे, यावर ते ठरतं. भिगवणच्या कागद गिरणीत काम केलेला कुणीही हे सांगेल. आपल्याच पुणे जिल्ह्यातला जुन्नरी हातकागद चिंध्या आणि तागासारख्या धाग्यांचा असे. त्यावरची दीडशे वर्षांपूर्वीची पानं आजही मऊ आणि उजळ सापडतात. उलट दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं तेव्हा मिळेल त्या हलक्या कागदावर छापलेली पुस्तकं आज बोट लावलं तरी तुटतात. म्हणजे १९४४ चं पुस्तक १८७० च्या पुस्तकापेक्षा म्हातारं दिसू शकतं. शिवाय पुस्तक जुनं असणं आणि पहिल्या आवृत्तीचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहावी आवृत्तीसुद्धा शंभर वर्षांची असू शकते.

गैरसमज २: पुस्तकावर छापलेलं साल म्हणजे छपाईचं साल.

वस्तुस्थिती: जुन्या मराठी पुस्तकात साल वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण शकाचं. ‘शके १८२०’ हे १८२० साल नव्हे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शक गुढीपाडव्याला बदलतो, म्हणून जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९ मिळवायचे. म्हणजे हे पुस्तक १८९८-९९ चं. पोथ्यांवर बहुधा शकच असतो, आणि तो इसवी सन समजून वाचला की पोथी एका फटक्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारी होते.

दुसरं ठिकाण कायद्याचं. शीर्षकपानाच्या मागे किंवा तळाशी बारीक टाइपात ‘सन १८६७ चा आक्ट २५ प्रमाणे रजिस्टर’ अशा अर्थाची ओळ दिसते. त्यातलं १८६७ हे कायद्याचं वर्ष आहे. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा तो कायदा पुढे कित्येक दशकं लागू होता आणि ही ओळ विसाव्या शतकातल्या पुस्तकांवरही आहे. तिच्यावरून खात्रीने एवढंच म्हणता येतं, की पुस्तक १८६७ च्या आधीचं नाही.

तिसरं ठिकाण जसंच्या तसं केलेल्या पुनर्मुद्रणाचं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ ची. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण केलं. जुन्या आवृत्तीची पानं अशी पुन्हा छापली की जुना टाइप आणि जुनं साल दोन्ही नव्या कागदावर उतरतात. त्यामुळे आतल्या शीर्षकपानावर थांबू नये. त्याच्या आधीचं आणि मागचं पानही वाचावं.

गैरसमज ३: ‘प्रथमावृत्ती’ असं छापलंय, मग प्रश्नच मिटला.

वस्तुस्थिती: ती त्या प्रकाशकाची पहिली आवृत्ती असू शकते. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये पुस्तकरूपात आली. गुरुजी ११ जून १९५० ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट राहतो. तो २०१० अखेर संपला आणि २०११ पासून कुणालाही हे पुस्तक छापता येऊ लागलं. नवा प्रकाशक स्वतःच्या छपाईवर पहिली आवृत्ती असं लिहितो, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त ती १९३५ ची पहिली आवृत्ती नव्हे.

प्रकाशक बदलल्यानेही हाच घोळ होतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली. तेव्हा हातातल्या ‘कोसला’वर पॉप्युलरचं नाव असेल तर पुढे तपासायची गरजच नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला तो नीलकंठ प्रकाशनाकडून, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. नंतरच्या प्रतींवर दुसऱ्या प्रकाशकाचं नाव आहे. संग्रहासाठी पुस्तक घेणारा लेखकाच्या नावाआधी प्रकाशकाचं नाव बघतो ते यासाठी.

गैरसमज ४: पहिल्या आवृत्तीचं साल जुळलं, म्हणजे प्रत पहिल्या आवृत्तीची.

वस्तुस्थिती: ‘गीतारहस्य’ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं आणि ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. मागणी एवढी होती, की त्याच वर्षात दुसरी आवृत्ती काढावी लागली. म्हणजे १९१५ साल असलेल्या सगळ्या प्रती पहिल्या आवृत्तीच्या नाहीत. इथे आवृत्तीचा क्रमांक, महिना आणि प्रस्तावना बघावी लागते. ‘दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना’ असं आत कुठे दिसलं, तर शीर्षकपान फाटलेलं असलं तरी निकाल लागला. सातबाऱ्यावर नाव बघून कुणी जमीन घेत नाही, फेरफारही वाचतो. इथेही तसंच.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मजकुरात काडीचाही बदल न करता पुन्हा छापलं तरी अनेक प्रकाशक तिला आवृत्तीच म्हणतात, काही जण पुनर्मुद्रण म्हणतात. तेव्हा ‘पहिली आवृत्ती, तिसरं पुनर्मुद्रण’ असं वाचलं तर संग्राहकाच्या हिशेबाने ती पहिली छपाई नाही. त्याला हवी असते ती पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई.

गैरसमज ५: सालाचं पान गेलं, आता काही कळणार नाही.

वस्तुस्थिती: पुस्तक आपलं वय बऱ्याच ठिकाणी सांगून ठेवतं.

किंमत पाहा. रुपये आणि आणे असतील तर छपाई बहुधा १९५७ च्या आधीची. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ या काळातली, कारण नंतर ‘नये’ गळून नुसते ‘पैसे’ राहिले.

पत्ता पाहा. छापखान्याच्या किंवा प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पुस्तक १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही. ‘पुणे २’ असा नुसता विभाग क्रमांक असेल तर ते बहुधा त्याआधीचं. मुंबई राज्य की महाराष्ट्र, यावरूनही १९६० च्या अलीकडे-पलीकडे ठरवता येतं.

लेखन पाहा. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘नांव’ यांच्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. १९३५ ची म्हणून दाखवलेली प्रत ‘काही’, ‘नाही’ अशी छापलेली असेल तर मजकूर नव्याने जुळवला आहे हे उघड आहे. याचं उलट मात्र धरून चालू नये. जुने अनुस्वार दिसले म्हणून प्रत जुनीच असं नाही. मोल्सवर्थसारखी जशीच्या तशी छपाई इथेही फसवते.

शेवटी पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा. खिळे जुळवून छापलेल्या पानावर अक्षरांचा दाब बऱ्याचदा हाताला लागतो. ऑफसेटचं पान सपाट असतं.

गैरसमज ६: ‘१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १’ अशी आकड्यांची ओळ शोधायची, ती असली की पहिली छपाई.

वस्तुस्थिती: ही पद्धत इंग्रजी प्रकाशकांची. त्यांच्याकडे प्रत्येक छपाईला एकेक आकडा काढतात आणि उरलेला सर्वांत लहान आकडा छपाईचा क्रमांक सांगतो. १९९७ च्या पहिल्या ‘हॅरी पॉटर’च्या प्रती अशाच तपासल्या जातात. पुठ्ठ्याच्या बांधणीतल्या तिच्या पहिल्या प्रती फक्त ५०० होत्या, म्हणून त्यांना एवढा भाव. मराठी पुस्तकांत ही ओळ छापायचा रिवाज नाही. ती नसली म्हणून मराठी प्रत बाद होत नाही.

मराठीत त्याऐवजी पाहायचा तो आवृत्त्यांचा इतिहास. शीर्षकपानाच्या पाठीमागे काही प्रकाशक पहिली, दुसरी, तिसरी अशी महिन्यासकट यादी देतात. यादीत एकच नोंद असेल तर चांगली खूण. चार नोंदी असतील तर हातातली प्रत शेवटच्या नोंदीची.

गैरसमज ७: मासिकात किंवा हस्तलिखितात आधी आलं, म्हणजे तीच पहिली आवृत्ती.

वस्तुस्थिती: हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आधी ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आली, पुस्तक नंतर झालं. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ ही आपल्या जिल्ह्यातल्याच गावावरची इंग्रजी कविता. ती १९७४ मध्ये एका इंग्रजी त्रैमासिकात छापली गेली, आणि पुस्तक १९७६ मध्ये मुंबईच्या क्लिअरिंग हाउसने काढलं. मासिकाचे ते अंक संग्राहकांना हवेच असतात, पण त्यांना प्रथम प्रसिद्धी म्हणतात. पहिली आवृत्ती म्हणजे पहिलं पुस्तक.

बारामतीच्या मोरोपंतांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होतं. पंत १७९४ मध्ये गेले. मराठी पुस्तकं देवनागरीत छापली जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकात, बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीच्या छापखान्यात. म्हणजे पंतांच्या हयातीत त्यांच्या काव्याची आवृत्ती निघणं शक्यच नव्हतं. घरात ‘केकावली’ची हातची प्रत सापडली तर ती हस्तलिखित आहे. तिची पारख वेगळी आणि कायदाही वेगळा. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि ते परस्पर देशाबाहेर नेता येत नाही.

गैरसमज ८: पहिली आवृत्ती म्हणजे सर्वांत मौल्यवान, थोडी फाटली असेल तर नवी बांधणी करून घ्यावी.

वस्तुस्थिती: मोल्सवर्थचा कोश वापरणारे आजही १८५७ ची दुसरी आवृत्ती उघडतात. सुमारे साठ हजार शब्दांचा तो कोश पहिल्यापेक्षा कितीतरी भरीव आहे. भाव ठरतो तो मागणी, उरलेल्या प्रती आणि प्रतीची अवस्था या तिन्हींवर. हजारो घरांत असलेल्या छापील पोथीच्या जुन्या प्रतीला श्रद्धेचं मोल असतं, बाजारात मात्र फारसा भाव येत नाही. ज्याच्या थोड्याच प्रती निघाल्या अशा कवितासंग्रहाला तो येऊ शकतो.

आणि डागडुजीने किंमत बहुधा घटते. नवी बांधणी करताना मुखपृष्ठ फेकलं जातं, कडा कापल्या जातात, कधी किंमत छापलेलं मलपृष्ठही जातं. म्हणजे ज्या खुणांवर ओळख पटायची त्याच नाहीशा होतात. चिकटपट्टी तर लावूच नये. तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी डाग पडतो, तो निघत नाही. सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवलेलं पुस्तक ठीक राहतं. उजनीकाठच्या दमट हवेत प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली तर आत बुरशी धरते.

ग्रंथालयाचा शिक्का असेल तर आणखी एक गोष्ट बघा. पुस्तक बाद केल्याची खूण त्यावर आहे का? नसेल तर ते अजून त्या ग्रंथालयाचं आहे, आणि ते परत करणंच रास्त.

मग तपासायचं कसं?

पाच पानांचे फोटो काढा: मुखपृष्ठ, शीर्षकपान, त्याच्या मागचं पान, प्रस्तावनेचं शेवटचं पान आणि मलपृष्ठ. प्रस्तावनेच्या खाली लेखक बहुधा स्थळ आणि तारीख देतो, म्हणून ते पान महत्त्वाचं. मग पुस्तकाबाहेरचा पुरावा घ्या. १८०० ते १९५० या काळासाठी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. एका माणसाने आयुष्य घालून केलेली ही नोंद आजही पहिला आधार आहे. १८६७ च्या कायद्यामुळे मुंबई इलाख्यात छापलेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या सरकार काढत असे. त्यांतही आवृत्ती, किंमत आणि प्रतींची संख्या मिळते. प्रत्यक्ष प्रत ताडून बघायची असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ ही जुन्या संग्रहांची ठिकाणं आहेत.

हे सगळं झाल्यावर आपली प्रत सातव्या आवृत्तीची निघण्याचीच शक्यता जास्त. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कारण लोकांनी विकत घेऊन वाचलेल्या पुस्तकांच्याच सात आवृत्त्या निघतात. पण हे तपासण्याआधी ट्रंक रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका, आणि ‘पहिली आवृत्ती’ म्हणून कुणी दारात येऊन भाव सांगितला तर त्याला आधी एकच विचारा: कशाची पहिली, आणि ते कोणत्या पानावर लिहिलंय?