वार्धक्याची शिदोरी

साखर कारखाना असो, सूतगिरणी असो वा एखादी पेढी, तेथे राबणाऱ्या माणसाची निवृत्तिवेतनाकडून अपेक्षा फार मोठी नसते. ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम मिळावी, औषधपाण्यासाठी मुलांपुढे हात पसरावा लागू नये आणि आपल्या पश्चात पत्नीची आबाळ होऊ नये, एवढेच त्याचे मागणे असते.

प्रत्यक्षात पदरी पडते ते तोकडेच. 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मालकाच्या 12 टक्के वाट्यातून 8.33 टक्के रक्कम निवृत्तिवेतनासाठी वळती होते. किमान 10 वर्षे सेवा झाल्यास 58 व्या वर्षापासून लाभ मिळतो. अखेरच्या 60 महिन्यांच्या सरासरी पात्र पगारास सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागायचे, असा हिशेब आहे. म्हणजे 15000 रुपये पात्र पगार आणि 15 वर्षे सेवा असलेल्यास महिना सुमारे 3214 रुपये मिळतात. त्याच्या पश्चात पत्नीस साधारणतः त्याच्या निम्मे मिळतात. महागाई वाढली म्हणून ही रक्कम आपोआप वाढत नाही. 2014 साली किमान निवृत्तिवेतन 1000 रुपये ठरले. ते 7500 रुपये व्हावे व त्यावर महागाई भत्ता मिळावा, यासाठी निवृत्तांनी वृद्धापकाळी आंदोलने केली आहेत.

कामगारानेही एक दक्षता घ्यावयास हवी. नोकरी बदलताना अनेकजण निवृत्तिवेतनाची जमा काढून घेतात. त्यामुळे आधीची सेवा गणनेतून जाते आणि 10 वर्षांची अट पुरी होत नाही. रक्कम न काढता खाते नव्या नोकरीत वर्ग करून घ्यावे.

आपल्या समाजात नोकरदार आहेत, तसे व्यापारी-उद्योजकही पुष्कळ आहेत. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांचा समावेश आहे. आश्रितांवर पेलवणार नाही असा भार घालणे व त्यांच्या अन्नपाण्यात अडथळा आणणे, हे त्यांचे आशय. आयुष्यभर काम करवून घेऊन म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे याहून कितीसे निराळे? कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावा लागतो. तो भरलाच नाही, तर अचौर्याणुव्रतासही बाध येतो. कारण ते धन मालकाचे नसतेच.

20 हून कमी माणसे असलेल्या दुकानांस भविष्यनिर्वाह निधीची सक्ती सहसा नसते. मात्र मालक व बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने स्वेच्छेने नोंदणी करता येते. प्राप्तिकर न भरणाऱ्या 18 ते 40 वयाच्या नोकरास अटल पेन्शन योजनेत सहभागी करून त्याचा हप्ता मालकास उचलता येईल. तीत 60 व्या वर्षानंतर दरमहा 1000 ते 5000 रुपयांची हमी आहे.

दानाची पावती सभागृहात झळकते, कामगाराच्या खात्यातील भरणा कोणास दिसत नाही. येत्या पर्युषण पर्वापूर्वी प्रत्येक उद्योजक श्रावकाने तो भरणा स्वतः तपासावा आणि काही राहिले असल्यास क्षमावाणीच्या आधी पुरे करावे.