पहाटेचे स्वप्न आणि मौन शिबिर : एक विचार

संगमनेरहून अकोले-घोटी मार्गे इगतपुरी तशी जवळच. तेथील धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची मौन शिबिरे भरतात. कै. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात या साधनेचे पहिले शिबिर घेतले. आज आमच्या तालुक्यातील शिक्षक, व्यापारी, दुग्धव्यवसायी शेतकरी असे अनेकजण अशा शिबिरांस जाऊन येतात. परतल्यावर त्यांतील काहीजण आमच्याकडे येतात ते अंगदुखी वा अग्निमांद्य घेऊन नव्हे, तर एखादे स्वप्न घेऊन. "डॉक्टर, पहाटेचे होते हो," असे ते हळूच सांगतात. अशा वेळी वैद्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शिबिरातील दिनचर्या

शिबिरात पहाटे ४ वाजता घंटा होते व रात्री ९.३० वाजता दिवे मालवतात. मधल्या काळात सुमारे दहा तास ध्यान असते. पहिले तीन दिवस श्वासावर लक्ष ठेवावयाचे, चौथ्या दिवसापासून शरीरातील संवेदना समभावाने पाहावयाच्या. भोजन सकाळी ११ वाजता. सायंकाळी नवसाधकांस केवळ फळे व चहा-दूध असा अल्पाहार. बोलणे, वाचणे, लिहिणे, दूरध्वनी सारे वर्ज्य. दहाव्या दिवशी मौन सुटते.

याचा झोपेवर परिणाम होणे स्वाभाविक आहे. १९५३ साली शिकागो येथे असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी निद्रेतील शीघ्र नेत्रगतीची अवस्था नोंदविली. ठळक, चित्रमय स्वप्ने प्रामुख्याने याच अवस्थेत पडतात व ती उत्तररात्री अधिक असते. नेहमी साडेसहाला उठणारा गृहस्थ चारच्या घंटेने जागा होतो, तेव्हा तो अनेकदा स्वप्नाच्या मध्येच जागा होतो. म्हणून ते लक्षात राहते. त्यात बोलण्यास कोणी नाही, हाती वर्तमानपत्र नाही. एरवी दात घासताना विसरले जाणारे स्वप्न दिवसभर मनात घोळत राहते. डॅनियल वेग्नर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले की झोपण्यापूर्वी ज्या व्यक्तीचा विचार प्रयत्नपूर्वक टाळावा, ती स्वप्नात अधिक येते. मौनात आपण जे मागे सारू पाहतो तेच रात्री समोर येऊन उभे राहते, याचे नवल वाटू नये.

चरकाचार्यांचे वर्गीकरण

त्रय उपस्तंभांत चरकाचार्यांनी निद्रेसाठी 'स्वप्न' हाच शब्द योजिला आहे, हे आपणांस ज्ञात आहेच. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नाचे सात प्रकार येतात : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पैकी पहिले पाच निष्फल मानले आहेत. म्हणजे त्यांवरून शुभाशुभ ठरवावयाचे नाही. मनोवह स्रोतसे प्रबल दोषांनी भरली असता दारुण स्वप्ने पडतात, असेही तेथे सांगितले आहे.

त्याच अध्यायातील आणखी एक विधान येथे महत्त्वाचे आहे. पूर्वरात्री पडलेले स्वप्न अल्पफल. जे पाहिल्यावर पुन्हा झोप लागत नाही ते महाफल. 'पहाटेचे स्वप्न खरे होते' ही लोकांची समजूत याच्याशी जुळते. आता पाहा, शिबिरात चारला घंटा झाल्यावर पुन्हा झोपावयाचे नसतेच! भित्र्या मनास मग शिबिरातील प्रत्येक स्वप्न महाफल वाटू लागते. परंतु फलाचा विचार हा पहिले पाच प्रकार वगळल्यावर करावयाचा आहे. आधी प्रकार, मग काल, हा क्रम सुटला की शास्त्राचेच भयात रूपांतर होते.

दोन रुग्ण

पन्नाशीतील एक दुग्धव्यवसायी गृहस्थ. पहाटे चारला उठणे त्यांस नवे नव्हते, धारांची वेळच ती. नवे होते ते मौन. सहाव्या रात्री त्यांना दिवंगत वडील विहिरीच्या काठावर पाठमोरे उभे दिसले. हाक मारली तरी ते वळले नाहीत. आपले बोलावणे आले, असे समजून गृहस्थांनी हर्नियाची ठरलेली शस्त्रक्रिया रद्द केली. आम्ही स्वप्नाचा अर्थ सांगितला नाही. केवळ विचारले, वडिलांशी अखेरचे बोलणे कोणते झाले? बराच वेळ ते गप्प राहिले. वाटणीवरून भांडण झाले होते व त्यानंतर बोलणे झालेच नव्हते. अनुभूत आणि प्रार्थित, असे हे स्वप्न होते. पुढे त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. दिवाळीला ते धाकट्या भावाच्या घरी गेले. पाच वर्षांनी प्रथमच.

दुसरा एक तरुण. परतल्यावर चार रात्री झोप नाही, स्वप्न आणि जागृती यांचा भेद पुसट, बोलणे अखंड, आपणास विशेष कार्य सोपविले गेले आहे अशी खात्री. आम्ही वातवृद्धी समजून शिरोभ्यंग व औषधे दिली आणि आठ दिवस वाट पाहिली. ही आमची चूक होती. पूर्वी त्यास मानसोपचार चालू होते व ते त्याने आपल्या मनाने बंद केले होते, हे आम्ही विचारलेच नाही. मानसरोगतज्ज्ञांकडे पाठविल्यावर तो सावरला. परंतु ते आठ दिवस त्याच्या आईने कसे काढले, हे आम्ही विसरू शकत नाही.

वैद्याने काय करावे

शिबिरास जाण्यापूर्वी सल्ला विचारणाऱ्यास पूर्वीचा मनोविकार, चालू औषधे व निद्रा यांविषयी आवर्जून विचारावे. गंभीर मनोविकार असल्यास अशा शिबिरास जाऊ नये. माहिती लपवू नये व औषध परस्पर थांबवू नये, हे स्पष्ट सांगावे.

परतल्यावर शोधनानंतरच्या संसर्जन क्रमाची आठवण ठेवावी. पेया-विलेपीने अग्नी हळूहळू पूर्वपदावर आणतो, तसेच मनासही तीन ते सात दिवस द्यावेत. लघु उष्ण आहार, वेळेवर निद्रा, पादाभ्यंग, पचत असल्यास रात्री म्हशीचे दूध; आणि दूरध्वनी, प्रवास, मोठे निर्णय यांत संयम. सलग दोन-तीन रात्री झोप न येणे, भ्रम, अतिबोलणे वा आत्मघाताचे विचार आढळल्यास तज्ज्ञाकडे त्याच दिवशी पाठवावे.

आत्मविकासाविषयी एवढेच म्हणता येईल : किती अद्भुत स्वप्न पडले हे त्याचे माप नव्हे. विपश्यनेच्या पद्धतीतही स्वप्नाचा अर्थ लावीत बसणे हे साधकाचे काम नाही. संवेदना पाहणे हे त्याचे काम आहे. स्वप्न फार तर न बोललेली गोष्ट दाखवून देते. ती बोलावयाची कोणाशी, हे जागेपणीच ठरते.

आपल्या चिकित्सालयांतील असे अनुभव, विशेषतः जेथे आपण चुकलो ते, वैद्यबंधू-भगिनींनी या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, ही नम्र विनंती.