फाशाचं दान आणि आईचा शब्द

मे महिन्याची सुट्टी लागली, की पहिले चार दिवस घरात आनंदीआनंद असतो. पाचव्या दिवसापासून "आई, आता काय करू?" सुरू होतं. तुमच्याकडेही हेच असेल, नाही का? गेल्या सुट्टीत माझ्या बहिणीचा मुलगा आठ दिवस राहायला आला. येताना एक जाडजूड पुस्तक आणि पिशवीभर रंगीत फासे घेऊन आला. कुठला फासा चार बाजूंचा, कुठला आठ, कुठला तर चक्क वीस बाजूंचा! मी मनात म्हटलं, हा काय नवा जुगार?

जुगार नव्हता तो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली आणला. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि सगळे मिळून भुयारात खजिना शोधायला उतरतात. सूत्रधार सांगतो, "समोर दोन दारं आहेत." मग काय करायचं ते मुलं ठरवतात. जिथे नशिबाचा भाग येतो, तिथे फासा टाकायचा.

भाचा परत गेला, पुस्तक आणि फासे ठेवून गेला, आणि सूत्रधाराची वस्त्रं माझ्या अंगावर आली! मी पडले शाळेत अर्धवेळ शिकवणारी. रात्री बसून पाठाचं काढतात तसं व्यवस्थित टाचण काढलं. आधी पूल, मग राक्षस, मग खजिना. दुसऱ्या दिवशी मुलं पुलाकडे फिरकलीच नाहीत. मी ओढूनताणून त्यांना तिकडे नेलं. तेव्हा तेरा वर्षांचा थोरला म्हणाला, "आई, सगळं तुझ्याच मनासारखं व्हायचं असेल, तर आम्ही कशाला हवेत?"

लागलं मला ते. भाच्याला फोन केला. तो हसून म्हणाला, "मावशी, अगं टाचण नको काढूस. तक्ते कर."

तक्ता म्हणजे काय?

या खेळाच्या जुन्या वळणात तक्त्यांना फार मान आहे. गायगॅक्स यांनी १९७९ साली सूत्रधारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तक्त्यांची नुसती रेलचेल आहे. फासे टाकत टाकत अख्खं भुयार रचायचे तक्तेसुद्धा त्यात आहेत! कल्पना साधी आहे. सहा ओळी लिहायच्या, त्यांना आकडे द्यायचे, फासा टाकायचा. जो आकडा पडेल ती ओळ खरी. पण सहा ओळी लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. माझ्या चुकांतून जे शिकले, ते तुम्हाला सांगते.

एक तक्ता, एक प्रश्न. आधी प्रश्न ठरवा. "भुयारात कोण भेटलं?" हा एक प्रश्न झाला. "पेटीत काय निघालं?" हा दुसरा. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबलेत, तर गोंधळ उडालाच म्हणून समजा.

नुसतं नाव लिहू नका. माझ्या पहिल्या तक्त्यात लिहिलं होतं: राक्षस, उंदीर, सापळा, कोळी. जो भेटला त्याच्याशी मारामारी! दोन दिवसांत मुलं कंटाळली. मग मी दोन रकाने केले.

पहिला फासा, कोण: १. तीन गॉब्लिन (म्हणजे बुटके, लबाड राक्षस), २. मोठाले उंदीर, ३. खजिना शोधणारी दुसरी टोळी, ४. हाडांचा सापळा, ५. वाट चुकलेला व्यापारी, ६. महाकाय कोळी.

दुसरा फासा, काय चाललंय: १. काहीतरी खाणं, २. जखमेनं विव्हळणं, ३. कुणापासून तरी पळणं, ४. काहीतरी शोधणं, ५. भांडण, ६. झोप.

बघा, लिहिल्या बाराच ओळी, पण प्रसंग झाले छत्तीस! उरल्यासुरल्यातून नवा पदार्थ करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशेब लगेच पटेल. एकदा "सापळा" आणि "झोप" अशी जोडी पडली. सापळा कसा झोपेल? मी ओळ बदलणार होते, तेवढ्यात नऊ वर्षांची धाकटी कुजबुजली, "तो झोपल्याचं सोंग करतोय!" त्या संध्याकाळचा सगळा खेळ त्या सोंगावर रंगला.

फासा एक की दोन? एका फाशात प्रत्येक आकड्याला सारखीच संधी असते. दोन फाशांच्या बेरजेत तसं नसतं. छत्तीस जोड्यांपैकी सहा जोड्यांत ७ पडतात. २ किंवा १२ पडायला मात्र एकेकच जोडी. माझी आजी सहा कवड्यांवर पट खेळायची. साऱ्या कवड्या उताण्या पडल्या, की अर्धी वाडी गोळा व्हायची! तसंच हे. म्हणून नेहमीच्या गोष्टी मधल्या आकड्यांना द्या आणि नवलाची गोष्ट २ किंवा १२ला.

समोरचा प्राणी कसा वागेल, हे १९८१ सालच्या नियमांत असंच दोन फाशांवर ठरतं. २ पडले तर तो सरळ अंगावर येतो, १२ पडले तर दोस्ती. मधल्या आकड्यांना तो घुटमळतो, आणि मुलांना बोलायला संधी मिळते.

किती वेळा टाकायचा? त्याच नियमांत, खेळातली वीस मिनिटं झाली की एक फासा टाकतात. १ पडला तर कुणीतरी येतं. मशाल जळते तासभर. म्हणजे एका मशालीत तीन वेळा फासा पडतो, आणि निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता शंभरात सुमारे बेचाळीस. म्हणूनच मुलं उगाच रेंगाळत नाहीत.

वापरलेली ओळ खोडा. व्यापारी घरी पोचला, की त्याच्या जागी नवं कुणीतरी लिहा. डबा रिकामा झाला की आपण भरतोच की!

आता जी गोष्ट सांगायला खरं म्हणजे बसले, ती सांगते. एकदा धाकटीचं पात्र एकटंच गॉब्लिनांसमोर आलं. मी पुस्तकाच्या आडोशानं फासे टाकले. पडले २. तिच्या डोळ्यांकडे पाहून माझ्या तोंडून निघालं, "आठ!" थोरल्यानं वाकून फासे पाहिले होते. तो काही बोलला नाही. पेन्सिल खाली ठेवून उठून गेला. रात्री म्हणाला, "परवा माझं पात्र मेलं, तेव्हा तू दान नाही बदललंस."

मला झोप लागेना. प्रश्न खेळाचा नव्हताच. फुटलेला कप, सांडलेलं दूध, न झालेला अभ्यास... "ती लहान आहे" म्हणत मी किती वेळा दान बदललं असेल!

सकाळी दोघांसमोर कबूल केलं, "काल दोनच पडले होते." थोरला म्हणाला, "राहू दे. यापुढे खरं टाक." तेव्हापासून फासे स्टीलच्या परातीत, सगळ्यांसमोर पडतात. आवाजही छान होतो आणि कोचाखाली फासे शोधावे लागत नाहीत.

आठवड्यानं धाकटीवर पुन्हा तीच वेळ आली. परातीत पुन्हा वाईट दान. मी ओठ घट्ट मिटून बसले. तिनं क्षणभर विचार केला, नाण्यांची थैली राक्षसांपुढे भिरकावली आणि धूम ठोकली! ते थांबतात का हे पाहायला नियमाप्रमाणे फासा टाकला. थांबले. पहिली टाळी थोरल्याची होती. मी वाचवत राहिले असते, तर तिला ही युक्ती सुचली असती का?

म्हणून मैत्रिणींनो, तक्ता करताना हवा तेवढा विचार करा. प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारा, "ही पडली, तर मला चालेल का?" जी चालणार नाही, ती लिहूच नका. पण एकदा लिहून परातीत फासा टाकलात, की दान पाळा. मुलं आकडे विसरतील. आईनं शब्द पाळला की नाही, ते मात्र विसरत नाहीत.