बाटली काळी पडते तेव्हा

विहिरीचं पाणी पेल्यात घेऊन उजेडाकडे धरायचं, नितळ दिसलं की चांगलं म्हणायचं, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. हगवण, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू त्यात बसत नाहीत. ते शोधायचे तर नमुना प्रयोगशाळेत न्यायचा, आणि तिथल्या जुन्या नळ्यांच्या पद्धतीने निकालाला दोन ते चार दिवस लागायचे. तोवर गाव ते पाणी पिऊन मोकळं!

ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेतल्या के. एस. मंजा, एम. एस. मौर्य आणि के. एम. राव यांनी यावर जो उपाय काढला तो कागदाच्या घडीवर मावणारा होता. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी तो मांडला. आज गावोगावचे कर्मचारी त्याला ‘एचटूएस बाटली’ म्हणतात.

बाटलीत पेप्टोन, थायोसल्फेट, लोहाचा क्षार आणि थोडं डिटर्जंट शोषून वाळवलेला निर्जंतुक कागद असतो. पेप्टोन म्हणजे जंतूंचं खाद्य. बाटलीत २० मिलिलिटर पाणी ओतून झाकण लावायचं आणि ती उबदार जागी ठेवायची. आतड्यात राहणारे काही जंतू थायोसल्फेटमधल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच एचटूएस, बनवतात. सडक्या अंड्याच्या वासाचा तोच वायू. तो लोहाला भेटला की काळंकुट्ट लोह सल्फाइड तयार होतं. मूळ निबंधातली मुदत १२ ते १८ तासांची, तापमान ३० ते ३७ अंश. थंडीत अर्थातच जास्त वेळ थांबावं लागतं. पण निकाल वाचायला सूक्ष्मदर्शक नको की पदवी नको. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आखता आली, ती अशाच साध्या साधनांमुळे.

आता खोच. भारतीय मानक १०५०० म्हणतं की पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडता कामा नये. आणि हाच ई. कोलाय सहसा हायड्रोजन सल्फाइड बनवत नाही! बाटली पकडते ते त्याचे शेजारी: साल्मोनेला, सिट्रोबॅक्टर, क्लॉस्ट्रिडियम. विष्ठा पाण्यात मिसळली की हे बहुधा सोबतच येतात, म्हणून अंदाज जुळतो. पण बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल, तर बाटली जंतूंशिवायही काळी पडते. भरल्या भरल्या रंग बदलला तर आधी हाच संशय घ्यावा. उलट, काविळीचा विषाणू बाटलीला दिसत नाही, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या पाण्यातलं फ्लोराइडही नाही. ती दूषित पाण्याचा इशारा देते, शुद्धतेचा दाखला देत नाही. हा फरक कर्मचाऱ्यांनाच नीट सांगितला जात नाही, ही खरी उणीव.

एका दिवसाचा उशीर तरी उरतोच. म्हणून रोजच्या देखरेखीला आजही ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टच कामाची: नळाच्या पाण्यात थेंब टाकले की काही क्षणांत पिवळा रंग, म्हणजे क्लोरिन शिल्लक आहे. तो रंग आला नाही, तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं माप तपासायचं. साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, आणि निदान तासभर थांबायचं.

काळी पडलेली बाटली मात्र तशीच उकिरड्यावर टाकू नये. आत जंतू लाखोंनी वाढलेले असतात. टीसीएलचं दाट पाणी ओतून, काही वेळ ठेवून, मगच ती पुरावी.